हार्ड डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणतेय? थांबा! फाइल बहुतेक तिथेच असतात

लॅपटॉपला एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली आणि फोल्डर उघडण्याऐवजी पडद्यावर एक चौकट आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणं. घरातले दहा-पंधरा वर्षांचे फोटो, लग्नाचं शूटिंग, पीएचडीचा मसुदा, दुकानाचे हिशेब, सगळं त्या दोन बटणांमध्ये अडकलेलं असतं. घाबरलेला माणूस अशा वेळी नेमकं नको ते बटण दाबतो.

गेल्या दिवाळीच्या आधी साताऱ्याहून आत्याचा फोन आला. “अरे, तू इंजिनीअर ना? ती डिस्क उघडत नाहीये. ह्यांचं सगळं त्यात आहे रे.” काका तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे फोटो, शाळेतून निवृत्त झाले त्या दिवसाच्या निरोप समारंभाचं शूटिंग, सगळं त्या एका डिस्कमध्ये. माझी पदवी मेकॅनिकलची, पण नातेवाइकांच्या लेखी इंजिनीअर म्हणजे इंजिनीअर. मी विचारलं, “आत्या, आतापर्यंत काय काय केलंत?” आणि उत्तर ऐकून पोटात गोळा आला.

टीव्हीवर फोटो बघताना वीज गेली होती. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपने फॉरमॅट करायला सांगितलं, म्हणून आतेभावाने फॉरमॅट केलं. मग ‘चालतेय का बघू’ म्हणून तिच्यात दोन सिनेमे टाकले. ते चालले, पण फोटो दिसेनात, म्हणून डिस्क जवळच्या दुकानात नेली. तिथल्या मुलाने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं आणि सापडलेल्या फाइल त्याच डिस्कवर साठवल्या.

या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. वीज गेली तेव्हा डिस्कचं जे बिघडलं होतं, ते बहुतेक दुरुस्त होण्यासारखं होतं. खरं नुकसान त्यानंतरच्या दोन दिवसांत, मदत म्हणून केलेल्या उपायांनी केलं. डिस्क करप्ट होणं आणि फाइल नष्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आपल्याला कुणी नीट सांगतच नाही.

‘करप्ट’ म्हणजे नेमकं काय होतं?

तलाठ्याच्या दप्तराला वाळवी लागली म्हणून गावातलं शेत नाहीसं होत नाही. कुठलं शेत कुणाचं आणि त्याच्या चतुःसीमा काय, एवढंच कळेनासं होतं. हार्ड डिस्कचंही तसंच आहे. तुमचा फोटो डिस्कवर एका जागी असतो आणि तो कुठे आहे, किती मोठा आहे, त्याचं नाव काय, याची नोंद दुसऱ्या जागी असते. या नोंदवहीला फाइल सिस्टीम म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत मास्टर फाइल टेबल नावाचा तक्ता हे काम करतो. पोर्टेबल डिस्क आणि पेनड्राइव्हमध्ये अनेकदा एक्सफॅट पद्धत असते. एनटीएफएस आपण नोंदींमध्ये काय बदलतोय याची टाचणं ठेवते, त्यामुळे मधेच वीज गेली तरी तिला बऱ्याचदा सावरता येतं. एक्सफॅटमध्ये ही सोय नसते.

नोंद अर्धवट लिहिलेली असताना केबल ओढली, वीज गेली, ढिल्या पोर्टमुळे जोडणी तुटली, की नोंदवहीचं पान फाटतं. पुढच्या वेळी संगणकाला ती वाचता येत नाही. काही ठिकाणी डिस्कच्या प्रकारापुढे ‘रॉ’ असं दिसतं. त्याचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नाही. मला नोंदवही वाचता येत नाही, एवढंच संगणक सांगत असतो.

कधी कधी तर डिस्क ठणठणीत असते आणि तरीही हा संदेश येतो. मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला जोडली, किंवा एनटीएफएस डिस्क ओटीजी केबलने फोनला लावली, तर ती न वाचता येऊन उपकरण फॉरमॅट करायला सुचवू शकतं. अनेक अँड्रॉइड फोनना एनटीएफएस वाचता येत नाही. काही टीव्ही रेकॉर्डिंगची सोय सुरू करताना डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करायला मागतात. मोडीतला कागद आपल्याला वाचता आला नाही म्हणून तो कोरा ठरत नाही. म्हणून पहिली तपासणी ही: डिस्क आधी ज्या यंत्रावर चालत होती, त्यावरच लावून बघा.

फॉरमॅट केलं तर सगळं संपतं का?

नेहमी नाही. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे तलाठ्याने जुनं दप्तर बाजूला सारून नवं कोरं दप्तर मांडणं. चकतीवरच्या डिस्कमध्ये शेतं तशीच राहतात, फक्त सगळी जमीन आता मोकळी आहे अशी नोंद होते. ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहितं. त्यानंतर घरगुती उपायांनीच काय, प्रयोगशाळेतही सहसा काही हाती लागत नाही.

खरा घात होतो तो त्यानंतर. जमीन मोकळी आहे असं समजून संगणक तिथे नवं बांधकाम सुरू करतो. ‘चालतेय का बघू’ म्हणून टाकलेला दोन जीबीचा सिनेमा कुठल्या तरी जुन्या व्हिडिओच्या डोक्यावर बसतो. एकदा त्या जागी दुसरं लिहिलं गेलं की जुनं परत मिळत नाही. पैसे कितीही मोजले तरी नाही. फाइल परत मिळवण्याच्या सगळ्या खटाटोपात लक्षात ठेवायचा नियम एकच आहे: बिघडलेल्या डिस्कवर एक अक्षरही नव्याने लिहायचं नाही.

आग लागून पडलेली डिस्कही वाचते

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी त्यात गेले. यानावर झेनॉन वायूच्या चिकटपणाचा एक प्रयोग सुरू होता. त्यातली काही माहिती प्रयोग चालू असतानाच पृथ्वीवर पोहोचली होती, बाकीची यानातल्या हार्ड डिस्कमध्ये होती. सुमारे सहा महिन्यांनी ती डिस्क एका कोरड्या पडलेल्या तलावाच्या तळाशी सापडली. बाहेरचं प्लास्टिक वितळलेलं, सर्किट जळालेलं, आत धूळ शिरलेली.

क्रोल ऑनट्रॅक या डेटा रिकव्हरी कंपनीने ती उघडून, चकत्या स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रणेत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे शक्य कसं झालं? डिस्क साधारण अर्धीच भरलेली होती आणि त्यावर चालणाऱ्या जुन्या डॉस प्रणालीने माहिती इकडे-तिकडे विखरून न टाकता सलग लिहिली होती. चकतीला इजा झाली ती मुख्यतः रिकाम्या भागात. शिवाय तज्ज्ञांच्या हाती पडेपर्यंत त्या डिस्कवर कुणी ‘चालतेय का बघू’ केलं नव्हतं.

आकाशातून पडलेली डिस्क वाचली आणि साताऱ्यातल्या शोकेसमधली अर्धीमुर्धी गेली. या दोन टोकांमधलं बरंचसं अंतर माणसांच्या घाईचं आहे.

बिघाड कुठला, हे कसं ओळखायचं?

बिघाड ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एक नोंदवहीचा, दुसरा यंत्राचा. उपाय वेगवेगळे असल्यामुळे हा फरक आधी करायला हवा.

नोंदवहीचा बिघाड असेल तर डिस्क नेहमीसारखी फिरते, आवाज नेहमीचाच असतो आणि विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिची क्षमता बरोबर दिसते. फक्त फाइल दिसत नाहीत, किंवा फॉरमॅटची चौकट येते. इथे घरच्या घरी प्रयत्न करायला वाव असतो. मात्र तिथे ‘इनिशलाइज’ करायचं का असं विचारलं, तर नाही म्हणा.

यंत्राचा बिघाड असेल तर टक-टक आवाज येतो, किंवा खरखर येते, डिस्क फिरून लगेच थांबते, दिसते-गायब होते, एक फोल्डर उघडायला पाच मिनिटं घेते, किंवा क्षमता शून्य दाखवते. नेहमीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. त्या फटीपुढे धुळीचा कणही डोंगराएवढा. हेड बिघडलेलं असताना डिस्क चालू ठेवली, तर ते चकतीवरचा चुंबकीय थर खरवडून काढू शकतं आणि त्या थरातच तुमचे फोटो असतात. असा आवाज आला की केबल काढा. ‘अजून एकदा लावून बघू’ हे वाक्य इथे सगळ्यात महागात पडतं.

मधली अवस्थाही असते. डिस्क चालते, पण सेक्टर खराब होऊ लागलेले असतात. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती बघता येते. त्यात बदललेले किंवा प्रलंबित सेक्टर वाढताना दिसले, तर समजा की डिस्क तुम्हाला निरोपाची वेळ कळवतेय. आधी महत्त्वाचं बाहेर काढा, बाकी सगळं नंतर.

पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

खरं तर फार काही करायचंच नाही. तरी क्रम सांगतो.

१. रद्द करा. फॉरमॅट, इनिशलाइज, ‘स्कॅन अँड फिक्स’, सगळ्याला नकार द्या.

२. यंत्राचा आवाज वेगळा येत असेल, तर केबल काढून डिस्क बाजूला ठेवा. इथून पुढचं काहीही घरी करू नका.

३. आवाज ठीक असेल तर केबल बदला, दुसरं पोर्ट बघा, हब काढून थेट लॅपटॉपला जोडा. बऱ्याचदा खराब केबलनेच सगळा तमाशा केलेला असतो.

४. डिस्क उघडलीच तर एकदम सगळं कॉपी करायला लावू नका. सगळ्यात मौल्यवान फोल्डर आधी. सिनेमे आणि गाणी शेवटी.

५. काय घडलं, कुणी काय केलं, हे कागदावर लिहून ठेवा. पुढे ज्याच्याकडे डिस्क जाईल, त्याला याचा सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोग होतो.

चेकडिस्कबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये तोच पहिला उपाय असतो. चेकडिस्कचं काम नोंदवही सुसंगत करणं आहे, तुमच्या फाइल वाचवणं नाही. नोंद जुळत नसेल तर तो ती छाटून टाकतो आणि उरलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये निनावी फाइल म्हणून ठेवतो. फाइल सुरक्षित बाहेर काढल्यावर हवा तेवढा चालवा. त्याआधी चालवणं म्हणजे रुग्णाला तपासायच्या आधीच टाके घालणं.

घरी प्रयत्न करायचा असेल तर

आवाज नसेल, डिस्क दिसत असेल आणि थोडा संयम असेल, तर हे जमण्यासारखं आहे. त्यासाठी बिघडलेल्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी दुसरी डिस्क लागते. तो खर्च टाळू नका.

पहिलं काम प्रत काढण्याचं. इथे फाइल कॉपी करायच्या नसतात, अख्ख्या डिस्कची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जशीच्या तशी प्रतिमा घ्यायची असते. लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन यासाठीच बनलं आहे. ते आधी चांगले भाग पटापट वाचून घेतं, अडखळणारे भाग शेवटी वाचतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. त्यामुळे मधेच थांबलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. प्रत झाली की मूळ डिस्क काढून ठेवा. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. चूक झाली तरी मूळ शाबूत.

त्यानंतर नोंदवही जोडायचा प्रयत्न. ‘टेस्टडिस्क’ हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम हरवलेलं पार्टिशन शोधतो, बिघडलेला बूट सेक्टर त्याच्या राखीव प्रतीवरून उभा करतो आणि काही न बदलता नुसत्या फाइलची यादी दाखवून त्या दुसरीकडे कॉपीही करू देतो. हे जमलं तर नावं आणि फोल्डर जसेच्या तसे परत मिळतात.

ते नाही जमलं तर त्याचाच जोडीदार ‘फोटोरेक’. हा नोंदवहीकडे बघतच नाही, थेट शेतात उतरतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेल्या खुणेने होते. जेपीजी फोटोची वेगळी, पीडीएफची वेगळी. या खुणा शोधत तो फाइल उचलतो. तोटा असा की मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, हजारो फोटो आकड्यांच्या नावाने येतात. तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ अनेकदा अर्धवट येतात.

मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हा मोफत प्रोग्रॅम आणला. तो आज्ञा टाइप करून चालवावा लागतो, पण चुकून डिलीट झालेल्या फाइलसाठी बरा आहे. पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर असेल, तर आधी मोफत आवृत्तीत फाइलची झलक दिसते का ते बघा. नुसती नावांची यादी दिसली आणि फोटो उघडून दिसत नसेल, तर पैसे भरून तो उघडेलच असं नाही.

साधन कुठलंही असो, सापडलेल्या फाइल त्याच डिस्कवर साठवायच्या नाहीत. दुकानात आत्याच्या डिस्कचं हेच झालं होतं. वाचवलेली प्रत्येक फाइल न वाचवलेल्या एखाद्या फाइलवर बसत होती.

एसएसडी असेल तर गणित बदलतं

हल्ली पोर्टेबल डिस्क म्हणून एसएसडी घेतली जाते. ती वेगवान असते, पडली तरी सहसा बिघडत नाही. पण फाइल डिलीट किंवा फॉरमॅट केली की ‘ट्रिम’ नावाची आज्ञा तिला सांगते की ही जागा आता नको आहे. मग एसएसडी ती जागा आतून साफ करून टाकते. दप्तर बदललं की शेतही लगेच नांगरलं जातं, असं समजा. त्यामुळे तिथे चुकून फॉरमॅट झालं तर परत मिळण्याची आशा फार कमी. चकत्यांच्या काही नव्या पोर्टेबल डिस्कमध्येही ट्रिमची सोय आलेली आहे. म्हणून ‘फॉरमॅट केलं तरी परत मिळतं’ या ऐकीव भरवशावर राहू नका.

आणखी एक गोष्ट. काही पोर्टेबल डिस्कच्या डब्यातल्या छोट्या सर्किटवर माहिती आपोआप सांकेतिक रूपात बदलली जाते, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी. अशा डिस्कचं केसिंग फोडून आतली डिस्क थेट संगणकाला जोडली, तरी काही वाचता येत नाही. दुकानदार केसिंग फेकून देत असेल, तर त्याला थांबवा.

फ्रीजर, तांदळाचा डबा आणि इतर गैरसमज

बंद पडलेली डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हा सल्ला अजून फिरतो. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि ओल्या चकतीवर हेड फिरलं की होतं-नव्हतं तेही जातं. दुसरा सल्ला सारख्याच मॉडेलचं सर्किट बदलण्याचा. आजच्या डिस्कच्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कपुरती जुळवणी साठवलेली असते, त्यामुळे नुसती पाटी बदलून सहसा भागत नाही.

पुराच्या पाण्याचा अनुभव आपल्याकडे नवा नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात तशी डिस्कही ठेवली जाते, किंवा उन्हात, नाही तर हेअर ड्रायरखाली. तसं करू नका. पाण्यातला गाळ आणि क्षार चकतीवर वाळून घट्ट बसतात. ती चालू न करता, ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून तज्ज्ञांकडे पाठवणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग.

दुकानात देण्याआधी हे विचारा

डिस्क दुरुस्तीला देताना आपण फक्त ‘किती घेणार?’ विचारतो. त्याआधीचे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. काम मूळ डिस्कवर करणार की तिच्या प्रतीवर? डिस्क उघडावी लागली तर कुठे उघडणार? धूलिविरहित खोलीची सोय आहे का? सापडलेल्या फाइलची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का? काहीच मिळालं नाही तर किती पैसे? आणि काम झाल्यावर तुमच्याकडची प्रत पुसणार का, तसं लिहून देणार का?

शेवटच्या प्रश्नाला आपण संकोचतो. पण त्या डिस्कमध्ये आधार-पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, बँकेची पासबुकं, घरातल्या बायकामुलांचे फोटो असतात. सोनाराकडे दागिना देताना वजन लिहून घेतो, मग इथे लाजायचं कशाला? पहिल्या प्रश्नाला ‘मूळ डिस्कवरच करतो, काही होत नाही’ असं उत्तर आलं, तर डिस्क उचला आणि घरी या.

वॉरंटीचा भरवसाही मर्यादित आहे. ती डिस्क नावाच्या वस्तूची असते, आतल्या फाइलची नाही. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, पण जुनी परत द्यावी लागते आणि तिच्याबरोबर फोटोही जातात.

दोष फक्त वापरणाऱ्याचा?

माझ्या मते नाही. पडद्यावरच्या त्या चौकटीचा दोष मोठा आहे. ‘डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण घाबरलेल्या माणसाच्या दृष्टीने ते दिशाभूल करणारं आहे. त्याला डिस्क वापरायची नसते, त्याला डिस्कमधलं हवं असतं. फॉरमॅट केल्यास माहिती पुसली जाईल असा इशारा पुढच्या चौकटीत येतो. पण तोपर्यंत ‘दुरुस्तीचा हाच मार्ग दिसतोय’ हे मनाने घेतलेलं असतं.

तिथे साध्या भाषेत एवढंच लिहिता येईल: ‘ही डिस्क वाचता आली नाही. आत फाइल असू शकतात. त्या हव्या असतील तर फॉरमॅट करू नका.’ आणि हे मराठीतही दिसावं. शंभर भाषांत चालणाऱ्या प्रणालींना ही तीन वाक्यं जड नाहीत. डिस्क विकणाऱ्या कंपन्यांनीही खोक्यात वॉरंटीच्या बारीक अक्षरांच्या कागदाबरोबर ‘बिघडल्यास काय करू नये’ असं एक पान घालायला काय हरकत आहे?

आणि आपला दोष?

तोही आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली, १५ जीबीची मर्यादा लागू झाली. फोन भरले, तसे अनेकांनी फोटो हार्ड डिस्कवर टाकले आणि फोनमधून पुसले. याला आपण बॅकअप म्हणतो. तो बॅकअप नाही, ते फक्त स्थलांतर आहे. आधी एक प्रत फोनमध्ये होती, आता एक प्रत कपाटात आहे.

पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मध्यमवर्गीय घरात तो असा बसतो: एक प्रत लॅपटॉपवर, एक डिस्कवर आणि निवडक मौल्यवान गोष्टी क्लाउडवर. क्लाउड नको असेल तर दुसरी डिस्क दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा बहिणीकडे. दरवर्षी दिवाळीला भेटता तेव्हा अदलाबदल करा. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिनही आहे. हिशेब मिटवण्याच्या त्या दिवशी डिस्क जोडून चार फाइल उघडून बघा. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे ती उघडल्याशिवाय कळत नाही.

आत्याच्या डिस्कची मी आधी प्रत काढली, मग फोटोरेक रात्रभर चालवला. फोटो बरेच आले, सगळे आकड्यांच्या नावांनी. आत्या अजून रोज दुपारी थोडे थोडे लावत बसते, कुठल्या साली कुठे गेलो होतो ते आठवून. निरोप समारंभाचं शूटिंग जुन्या हँडीकॅमचं, एमपीजी प्रकारचं होतं, म्हणून अर्धवट असूनही चाललं. मोबाइलची एमपी४ फाइल असती तर कदाचित उघडलीही नसती, कारण तिची अनुक्रमणिका बऱ्याचदा शेवटी असते. काकांचं भाषण अकरा मिनिटं ऐकू येतं. पुढच्या जागेवर नंतर लिहिलेलं बसलंय.

भाषण तुटतं ते काका म्हणतात, “आता शेवटचं आणि महत्त्वाचं” तिथे. पुढे काय बोलले होते, ते आत्याला नीट आठवत नाही. आतेभाऊ त्या वेळी खोलीतून उठून गेला. वीज गेली हा त्याचा दोष नव्हता, आणि त्या चौकटीत ‘थांबा’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे इथे लिहिलं.